शाळेमागचा ओढा

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी राहून गेलेले एक-दोन मुद्दे इथे जोडले आहेत.)



शाळेत असताना या स्टेजवर मी एकदाच उभी राहिले होते, समूहगीतात, शेवटच्या रांगेत. आज अठ्ठावीस वर्षांनी एकटीला उभं केलंत. संयोजकांनी सांगितलं, ‘पंधरा मिनिटं, विषय तुझ्या आवडीचा, फक्त कॉम्प्युटरवर बोलू नकोस.’ कॉम्प्युटर थोडासा येणारच, त्याला इलाज नाही. पण मी बोलणार आहे शाळेमागच्या ओढ्याबद्दल.

मागची भिंत आठवते ना? तिला एक भगदाड होतं आणि मधल्या सुट्टीत मुलं त्यातून पलीकडे उतरायची. मुली उतरत नसत असं बाईंना वाटायचं. आता एवढ्या वर्षांनी सांगायला हरकत नाही, आम्हीही उतरायचो. खाली ओढा. नाव नव्हतं त्याला, सगळे ‘मागचा ओढा’ म्हणायचे. पावसाळ्यात गुडघाभर पाणी, दिवाळीपर्यंत घोटाभर, आणि उन्हाळ्यात दगडांमध्ये चार-दोन डबकी. शिपाईमामा हातात छडी घेऊन भिंतीवरून ओरडायचे, ‘साप निघंल, वर या!’ साप मी कधी पाहिला नाही. खेकडे मात्र रोज पाहिले.

आज सकाळी लवकर येऊन मी मागे जाऊन आले. भगदाड बुजवलंय. भिंतीपलीकडे ओढा नाही, काँक्रीटचा स्लॅब आहे आणि त्यावर दुचाकी लावल्या आहेत. एका मुलाला विचारलं, ‘इथे ओढा होता ना रे?’ तो म्हणाला, ‘ओढा नाही काकू, गटार आहे. खाली पाइप आहे.’ काकू म्हणाला त्याचं वाईट वाटलं नाही. गटार म्हणाला त्याचं वाटलं.

समोर भूगोलाच्या बाई बसल्या आहेत. बाई, तुम्हाला आठवत नसेल, पण आठवीत, १९९३ च्या पावसाळ्यात, तुम्ही आम्हाला तळजाईच्या टेकडीवर नेलं होतं. आदल्या दिवशी वर्गात एका बटाट्याचे आडवे काप करून समोच्च रेषा समजावल्या होत्या. कापाच्या कडा फळ्यावर काढल्या की झाला टेकडीचा नकाशा. रेषा जवळजवळ असतील तिथे चढ तीव्र, लांब लांब असतील तिथे सौम्य. मग टेकडीवर उभं करून म्हणालात, ‘आता पाऊस पडला तर पाणी कुठून कुठे जाईल ते वहीत काढा.’ आम्ही काढलं. माझ्या वहीत मागच्या ओढ्याची वाकडीतिकडी निळी रेघ आहे, ती पुढे आंबिल ओढ्याला मिळते आणि आंबिल ओढा मुठेला. दहापैकी सात मार्क दिले होतेत. उत्तर दिशा दाखवली नाही म्हणून तीन कापले.

ती वही मी आज आणली आहे. तिच्यामुळेच मी आज बोलायला उभी आहे.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र इथल्या बऱ्याच जणांना विसरता येणार नाही. कात्रजच्या बाजूला ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि आंबिल ओढा काठावरच्या सोसायट्यांमधून, वस्त्यांमधून वाहिला. अरण्येश्वर भागात भिंत पडून माणसं गेली. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक बळी गेले. माझे आईबाबा तेव्हा तळमजल्यावर राहत होते. रात्री आईचा फोन आला, ‘अगं, स्वयंपाकघरात पाणी आलंय.’ मला वाटलं नळ उघडा राहिला असेल. दहा मिनिटांनी पुन्हा फोन, ‘ओटा बुडाला.’ त्यानंतर फोन लागला नाही. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने त्या दोघांना ओढून वर घेतलं होतं, हे मला पहाटे कळलं. मधले ते पाच तास मी कशी होते ते सांगत नाही.

आपल्या वर्गातले आणखी तिघे त्या रात्री पाण्यात होते. शेवटच्या बाकावर बसणाऱ्या आपल्या मित्राचं वर्कशॉप गेलं. तो आज इथे आहे. म्हणाला, ‘मशीन परत घेता आली, पण अजून ढग गडगडले की मी शटर बघायला जातो.’

आता माझ्या व्यवसायाचं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी काही वर्षं मी अशा कामावर होते, ज्यात इमारतींचे नकाशे कॉम्प्युटर तपासतो. शहर आपलं नव्हतं, दुसरं होतं. आर्किटेक्ट नकाशा काढतो, त्यात प्लॉटची हद्द एका लेअरवर, इमारत दुसऱ्यावर, जिने, पार्किंग, रस्ता असं सगळं ठरलेल्या लेअरवर असतं. सॉफ्टवेअर ते वाचतं, मोजमाप घेतं आणि नियमांशी ताडून बघतं. एफएसआय किती वापरला, बाजूला जागा किती सोडली, उंची किती. नियमात बसलं की हिरवी खूण, नाही बसलं की लाल. काम चांगलं होतं. टेबलाखालून होणारे व्यवहार त्यामुळे कमी होतील असं आम्हाला खरोखर वाटत होतं.

त्यात एक नियम नाल्याचा होता. नाल्यापासून ठरावीक अंतरात बांधकाम नको. तो नियम मीच लिहिला. नाल्याचा लेअर घ्या, इमारतीपासून अंतर मोजा. पण आर्किटेक्टने नाला काढलाच नसेल तर? लेअर रिकामा. मग सॉफ्टवेअर म्हणायचं, ‘नियम लागू नाही’, आणि हिरवी खूण द्यायचं. आमच्या टेस्टिंगमधल्या एका मुलीने ते पकडलं. तिने विचारलं, ‘नाला नाही, आणि नाला दाखवलेला नाही, या दोन गोष्टी एकच कशा?’ मी तिला उत्तर लिहिलं की जे नकाशात नाही ते तपासणं आपल्या कामात येत नाही. आणि विषय बंद केला. तांत्रिकदृष्ट्या माझं उत्तर बरोबर होतं. डेडलाइन जवळ होती, हेही खरं.

२०१९ नंतर आईबाबांच्या घरातला गाळ काढताना मला त्या मुलीचा प्रश्न आठवला. घरी येऊन जुनं सामान उपसलं आणि भूगोलाची वही शोधली. आठवीतल्या मुलीला टेकडीवर उभं राहून जो ओढा दिसला होता, तो इंजिनिअर झालेल्या बाईच्या प्रोग्रॅमला दिसत नव्हता. कारण प्रोग्रॅमने अर्जदारालाच विचारलं होतं, ‘तुमच्या जागेत ओढा आहे का?’ आणि खरं उत्तर देण्यात ज्याचं नुकसान आहे, त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवला होता.

मित्रहो, आपल्याकडे नियम कमी नाहीत. नगररचनेचा कायदा १९६६ चा आहे, शहरातल्या झाडांचा १९७५ चा, पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा. २००६ पासून वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते. २०२० मध्ये मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडून जवळजवळ सगळ्या राज्यासाठी एकच विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको असं आहे, पाचशे चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटला पावसाचं पाणी जिरवण्याची सोय बंधनकारक आहे. नदीला निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणारा पोचतो ती लाल. निळीच्या आत बांधकामाला बंदी, दोन्हींच्या मध्ये कडक अटी. हे सगळं कागदावर चोख आहे. पण नियम चालतो नकाशावर. नकाशातच ओढा नसेल तर नियम बिचारा काय करणार?

आणि ओढ्याचं नशीब टेकडीवर ठरतं. आपल्याकडचा काळा पाषाण स्वतः फारसं पाणी धरत नाही. पाणी मुरतं ते भेगांमधून आणि वरच्या मुरमातून. टेकडीच्या उतारावर गवत, झुडपं, माती असली की पावसाचं पाणी थांबत थांबत उतरतं, थोडं जिरतं आणि उरलेलं सावकाश ओढ्याला येतं. म्हणूनच आपल्या लहानपणी दिवाळीपर्यंत घोटाभर पाणी असायचं. उतार कापून सपाट केला, वर डांबर आणि काँक्रीट आलं की तेवढाच पाऊस सगळा एकदम खाली येतो. खाली ओढ्याच्या जागी पाइप. पाइपाचा आकार ठरला तेव्हा वर टेकडी मोकळी होती. आज ती नाही आणि पाइप तोच आहे. त्यात कोणी राडारोडा टाकला असेल, तर तोही निम्माच.

जुन्या लोकांना हे कळत होतं. नानासाहेब पेशव्यांनी याच आंबिल ओढ्याला बांध घालून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. त्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे, म्हणून तो तळ्यातला गणपती. कात्रजचं पाणी नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आणलं, तेही नानासाहेबांनीच. त्यांनीही ओढ्यात हस्तक्षेप केला, निसर्ग जसाच्या तसा ठेवला असं नाही. पण आधी पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे पाहिलं, मग दगड रचले.

टेकड्यांच्या बाबतीत एक गोष्ट न्यायाने बोलली पाहिजे. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत तेवीस गावं आली. त्यांच्या टेकड्यांच्या सुमारे ९७८ हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आलं. नागरिक त्यासाठी वर्षानुवर्षं भांडले. २०१५ मध्ये राज्य सरकारने ते आरक्षण मान्य केलं आणि जमीनमालकांना भरपाई म्हणून आठ टक्के टीडीआर ठरवला. आपण शहरातले लोक ‘टेकड्या वाचवा’ म्हणतो, मीही म्हणते. पण आपल्याच वर्गातल्या एका मित्राच्या आजोबांची जमीन त्या उतारावर आहे. तो मला म्हणाला, ‘तुझ्या घरात पाणी येऊ नये म्हणून माझी जमीन मोकळी ठेवायची, मान्य. पण मग त्याची किंमत तू किती देणार?’ मला उत्तर देता आलं नाही. टेकडीचा फायदा सगळ्या शहराला होतो आणि भार एका घरावर पडतो. तो भार नीट वाटून घेतला नाही, तर आरक्षण कागदावर राहील आणि उतारावर रात्रीतून पत्र्याच्या शेड उभ्या राहतील. आपण फिरायला जातो त्या टेकडीचे आपण त्याच्यापुरते देणेकरी आहोत, एवढं तरी मान्य करूया.

मग आपण काय करायचं? सरकारने काय करावं याची यादी मोठी आहे, पण इथे बसलेल्यांना जमेल तेवढंच सांगते.

पहिलं, घर घेताना. आपली मुलं आता फ्लॅट बघायला लागतील. सँपल फ्लॅटमधले दिवे बघून झाले की खाली उतरा आणि प्लॉटभोवती एक चक्कर मारा. चढ कुठल्या बाजूला आहे, वरचं पाणी कुठून येणार, कुठे जाणार? शक्यतो पावसाळ्यात जा. महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाचा मंजूर नकाशा असतो, तो उघडा. मग त्या गावचा जुना गाव नकाशा बघा. त्यात ओढे-नाले दाखवलेले असतात. जुन्या नकाशात ओढा आहे आणि नव्यात नाही, तर तो कुठे गेला हे बिल्डरला विचारा. लेखी विचारा.

दुसरं, राहत्या सोसायटीत. मी आमच्या सोसायटीची दोन वर्षं सेक्रेटरी होते. कागदोपत्री आमच्याकडे पाणी जिरवण्याचे चार खड्डे होते. झाकणं उघडली तर एकात सिमेंटची पोती, दुसऱ्यात फरशीचे तुकडे, तिसरा मातीने बुजलेला. चौथा सापडलाच नाही. तीन साफ केले, गच्चीचे पाइप त्यांना जोडले. दोन पावसाळ्यांनंतर बोअरला मे महिन्यातही पाणी राहिलं. दरवर्षी असं होईलच असं मी म्हणणार नाही, पाऊस आणि जमीन दोन्ही बघावं लागतं. पण झाकण उघडून बघायला काहीच खर्च येत नाही.

तिसरं, हरकती. विकास आराखडा जाहीर झाला की ठरावीक मुदतीत कोणीही लेखी हरकत देऊ शकतं. २०१३ मध्ये पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर ऐंशी हजारांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या होत्या. त्या देणारे सगळे काही तज्ज्ञ नव्हते. ‘माझ्या घरामागे ओढा आहे आणि तुमच्या नकाशात नाही’, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? शाळेत येणारा प्रत्येक जण ते सांगू शकतो.

आता शेवटचं, आणि ते थोडं अवघड आहे, कारण विषय घरातला आहे.

या स्नेहमेळाव्याच्या निधीतून शाळेच्या मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरतं आहे. कल्पना चांगल्या मनाने आली आहे, हे मला माहीत आहे. पावसाळ्यात चिखल होतो, मुलं घसरतात, पालकांच्या गाड्या रुततात. ज्यांनी हे सुचवलं त्यांनी सगळ्यात जास्त देणगीही दिली आहे. तरी मी हात वर करून ‘नको’ म्हणते आहे आणि त्याचं गणित मांडते. गणिताच्या सरांनी चूक असेल तिथे थांबवावं.

मैदान साधारण दोन हजार चौरस मीटर. तासाला पन्नास मिलिमीटरचा जोरदार पाऊस धरा. एका तासात त्या मैदानावर एक लाख लिटर पाणी पडतं. खाली काँक्रीटचा थर घालून पेव्हर बसवले, तर त्यातलं नव्वद हजार लिटर गेटमधून बाहेर जाईल. माती राहिली तर तीसेक हजार. माती आधीच भिजलेली असली तर ती कमी पाणी घेईल, हे मान्य. तरी फरक राहतोच. हे जास्तीचं साठ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर, एका तासात, मागच्या त्या पाइपमध्ये जाणार. तिथून आंबिल ओढ्यात. तिथून पुढे ज्यांची घरं आहेत त्यांच्या स्वयंपाकघरात. त्यात आपल्या वर्गातली चार घरं आहेत.

आता उलट बाजू. इमारतीची गच्ची हजार चौरस मीटर तरी आहे. पुण्याचा वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटर धरला आणि त्यातला ऐंशी टक्के हाती लागला, तर वर्षाला साडेपाच लाख लिटरच्या वर पाणी. पंचावन्न टँकर. शाळेला उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, हे मुख्याध्यापकांनीच मघाशी सांगितलं. तेव्हा माझी सूचना अशी. गेटपासून वर्गांपर्यंत चालण्यापुरती एक पट्टी फरसबंद करू, चिखलाचा प्रश्न तिथेच आहे. बाकी मैदानाला उतार देऊन मुरूम टाकू आणि कडेने चर काढून घेऊ. उरलेल्या पैशांत गच्चीचं पाणी गाळून टाकीत आणि जास्तीचं शोषखड्ड्यात नेऊ. मागच्या भिंतीलगत एक पाटी लावू, ‘इथून ओढा वाहतो’. ‘वाहत होता’ असं मुद्दाम लिहायचं नाही, कारण स्लॅबखाली तो अजून वाहतोच आहे. आणि दरवर्षी आठवीच्या मुलांना पावसाळ्यात टेकडीवर न्यायचं. पहिल्या वर्षीची जबाबदारी मी घेते.

हे सगळं मान्य होईलच असं नाही. मतदान घ्या, विरोधात गेलं तरी माझी देणगी तीच राहील. फक्त निर्णय घेण्याआधी सगळ्यांनी एकदा मागे जाऊन तो स्लॅब बघून या.

त्या टेस्टिंगमधल्या मुलीला मी नंतर शोधून काढलं आणि फोन केला. म्हटलं, ‘तुझा प्रश्न बरोबर होता, मी बंद करायला नको होता.’ ती हसली. तिला काही आठवत नव्हतं. मला मात्र रोज आठवतं. आता कुठलाही प्रोग्रॅम तपासताना मी पहिल्यांदा हेच बघते, की माहिती नसली तर हा हिरवी खूण देतो की थांबतो.

बाई, वही चहाच्या टेबलावर ठेवते. उत्तर दिशा मी काल रात्री काढून घेतली आहे. तीन मार्कांचं काय ते तुम्ही बघा.